उबुंटूवर प्रोग्रॅमिंग शिकायचंय? आधी एवढंच बसवा

उबुंटू टाकलं की पहिल्याच दिवशी चार एडिटर आणि तीन भाषा बसवायचा मोह होतो. तो आवरा. एक भाषा, एक साधा एडिटर पुरे, आणि दोन्ही एपीटीनेच (उबुंटूचं सॉफ्टवेअर बसवायचं अवजार) घ्या. फ्लॅटपॅक या दुसऱ्या पद्धतीने घेतलेला एडिटर बंदिस्त चालतो, त्यामुळे बरेचदा त्याला सिस्टिममधला कंपायलर (प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा) सापडतच नाही.

सी शिकायचं असेल तर टर्मिनलमध्ये आधी ‘सुडो एपीटी अपडेट’, मग ‘सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल जीनी’ (टाइप करताना अर्थात इंग्रजी लहान अक्षरांत). पहिल्या पॅकेजमधून जीसीसी आणि जी++ (सी आणि सी++चे कंपायलर) आणि बिल्ड करणारं मेक येतात. जीनी हा हलका एडिटर. पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, तसाच टाइप करून एंटर दाबा. ‘लॉक मिळत नाही’ असं आलं तर बहुधा मागे अपडेट चालू असतं. थोडं थांबा, लॉकची फाइल उडवू नका.

जीनीत फाइल डॉट-सी नावाने सेव्ह करा, एफ९ने बिल्ड करा, एफ५ने चालवा. टर्बो सी या डॉसवरच्या जुन्या कंपायलरच्या पुस्तकातला प्रोग्रॅम इथे पहिल्याच ओळींत अडखळतो: ‘कोनिओ डॉट एच’ सापडत नाही. ती फाइल डॉसच्या कंपायलरांची, सीच्या प्रमाणात ती कधी नव्हतीच. ती ओळ, क्लिअर-स्क्रीन आणि गेटसीएच काढा, ‘व्हॉइड मेन’चं ‘इंट मेन’ करा. आउटपुट निसटेल ही भीती नको, जीनी एंटरची वाट बघतं. वर्गमूळ वगैरे वापरल्यावर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आला, तर बिल्डच्या आज्ञेच्या शेवटी ‘-एलएम’ (म्हणजे गणिताची लायब्ररी) जोडा.

पायथन वेगळं बसवायला नको; उबुंटू २४.०४ मध्ये ३.१२ असतंच, फक्त आज्ञा ‘पायथन३’ अशी द्यायची. ते जुनं वाटलं म्हणून काढायला जाऊ नका, डेस्कटॉपची निम्मी अवजारं त्याच्यावर चालतात आणि तीही सोबत जातील. नवख्याने एपीटीतून थॉनी घ्यावं: ओळीओळीने प्रोग्रॅम चालवताना प्रत्येक व्हेरिएबलची किंमत शेजारी दिसते.

पिपने (पायथनच्या लायब्ररी बसवायचं अवजार) थेट लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, टाकायला गेलात तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणून नकार मिळेल. नेटवर यावर ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ (सिस्टिमची पॅकेजेस मोडा) हा पर्याय सुचवतात. नाव वाचूनच शहाणं व्हावं. एपीटीने ‘पायथन३-व्हीएन्व्ह’ बसवा, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘पायथन३ -एम व्हीएन्व्ह’ला हव्या त्या नावाने वातावरण (त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथनचं फोल्डर) बनवायला सांगा, ते सुरू करा आणि पिप त्याच्या आत वापरा. बिघडलंच तर तेवढं फोल्डर पुसायचं.