प्राणी निवाऱ्याला मदत करताना या चुका टाळा

सकाळी फाटक उघडावं तर बाहेर खोका, वरून सुतळी बांधलेली, आत चार-पाच पिल्लं. सोडून जाणाऱ्याला वाटतं, योग्य जागी पोचवली. इथून पुढे काय होतं ते त्याला माहीत नसतं, म्हणून सुरुवात याच चुकीपासून.

फाटकाशी प्राणी सोडून जाणं

पिल्लांना पार्व्हो या विषाणूची लागण असेल तर पहिले तीन ते सात दिवस ती खेळती-खाती दिसतात. मग उलट्या, रक्ताचा जुलाब, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचं जातं. कुठून आली, आई कोण, लस झाली का, यातलं काहीच ठाऊक नसल्यामुळे आलेल्या प्रत्येक पिल्लाला १४ दिवस वेगळं ठेवावं लागतं. बहुतेक लहान संस्थांकडे अशी एखादीच खोली असते आणि ती भरलेलीच असते. हा विषाणू फरशीच्या खाचांत, मातीत महिनोन् महिने टिकतो. साध्या फिनेलने तो मरत नाही आणि मांजरांना तर फिनेल विषारीच. लागतं ते ब्लीच: आधी विष्ठा, माती घासून काढायची, मग एक लिटर पाण्यात ३० ते ४० मिली ब्लीच मिसळून ते फरशीवर किमान दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. घाण तशीच ठेवून वर ब्लीच ओतलं तर ते घाणीतच संपतं, विषाणू तसाच राहतो.

दुसरं नुकसान मागे राहिलेल्या आईचं. दुधाने भरलेली कुत्री पिल्लं शोधत गल्लीभर फिरते आणि काही महिन्यांत पुन्हा गाभण राहते. आठ आठवड्यांच्या आतली पिल्लं आईपासून तोडायची नसतात. प्राणी वाऱ्यावर सोडून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हाही आहे, पण तो भाग सोडा. आधी फोन करा. आईसकट फोटो पाठवा. जागा नाही असं उत्तर आलं तर ‘मी दोन आठवडे माझ्या न्हाणीघरात ठेवतो, लस आणि जंताचं औषध तुम्ही बघा’ असं म्हणून पाहा. असं म्हणणाऱ्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

मांजराच्या पिल्लांबाबत उलटी चूक होते. माळ्यावर, गाडीच्या बॉनेटखाली पिल्लं दिसली की लगेच उचलली जातात, आणि आई तेव्हा नुसती खायला गेलेली असते. काही तास लांबून लक्ष ठेवा. आई खरंच आली नाही तर आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही. दूधही गाईचं नको, त्याने जुलाब लागतात. पशुवैद्यकाकडे किंवा पेट शॉपमध्ये मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते.

लोकेशन टाकून निघून जाणं

जखमी प्राण्यासाठी निघालेली गाडी रिकामी परतण्याचं नेहमीचं कारण म्हणजे फोन करणारा तिथे थांबलेला नसतो. लंगडणारं कुत्रं वीस मिनिटांत दोन गल्ल्या पलीकडे जातं. नकाशावरचा ठिपका तिथेच असतो, कुत्रं नसतं. कुणीतरी एकाने नजर ठेवून थांबायला हवं. शक्य नसेल तर पानवाल्याला, वॉचमनला सांगून त्याचा नंबर कळवा. मेसेजमध्ये इतकं असावं: लाइव्ह लोकेशन, जवळची ठळक खूण, जखमेचा एक आणि पूर्ण प्राण्याचा एक फोटो, तो चालतोय का, चावायला येतोय का. ‘खूप वाईट अवस्था आहे, लवकर या’ यातून गाडीत जाळी टाकायची की स्ट्रेचर, हे ठरत नाही.

गाडी येईपर्यंत काय करू नये, हे जास्त महत्त्वाचं. जखमेत किडे पडले म्हणून रॉकेल, पेट्रोल, फिनेल ओतू नका. मांस भाजतं आणि प्राणी चाटून ते पोटात घेतो. घरातली वेदनाशामक गोळी देऊ नका. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरते; कुत्र्याला आयब्युप्रोफेनने पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. कुत्र्यांसाठीची गोचिडांवरची काही थेंबांची औषधं, विशेषतः परमेथ्रिन असलेली, मांजराला चालत नाहीत. संक्रांतीच्या आसपास मांज्यात अडकलेली घार दिसली तर मांजा ओढू नका, तो आणखी आत कापतो. पक्ष्यावर कापड टाका, हवा जाईल अशा खोक्यात अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. वन्य जीव परस्पर घरी ठेवता येत नाही, पोपटसुद्धा.

सगळ्या संस्था एकच समजणं

प्राण्यांचं रुग्णालय वेगळं (मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय सगळ्यांना माहीत असतं), निवारा वेगळा, गोशाळा-पांजरपोळ वेगळी आणि महापालिकेसाठी चालणारं नसबंदी केंद्र आणखी वेगळं. नसबंदी केंद्राने ‘कुत्री परत आणून सोडली’ ही नेहमीची तक्रार. पण २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांची मूळ रीतच ती आहे. शस्त्रक्रिया, रेबीजची लस, आणि जिथून उचललं त्याच वस्तीत परत. कानाला खाच दिसली तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली असते, ते पुन्हा पकडून देऊ नका.

घरातलं नको असलेलं सामान आणून टाकणं

दिवाळीच्या साफसफाईनंतर निवाऱ्यात गाद्या-उशांचा ढीग होतो. कापूस भरलेलं काहीही नको. कुत्री ते फाडतात, कापूस गिळतात आणि आतडी तुंबून शस्त्रक्रियेची वेळ येते. पावसाळ्यात भिजलेली दुलई आठवडाभर वाळत नाही. चालतं ते असं: जुने टॉवेल, सुती चादरी, सतरंज्या, गोणपाट, वर्तमानपत्रांची रद्दी, झाकणाच्या बादल्या, स्टीलच्या परातीसारखी पसरट भांडी. उरलेली औषधं द्यायची तर मुदत बघा आणि फक्त न फोडलेल्या पट्ट्या द्या.

खाण्याचा हिशेब लोकांना अंदाजातही नसतो. मध्यम आकाराच्या कुत्र्याला दिवसाला सरासरी २२० ग्रॅम सुकं खाणं धरा. ६० कुत्र्यांना १३ किलोच्या वर लागतं, म्हणजे २० किलोचं पोतं दीड दिवसात संपतं. वाढदिवसाला दहा जणांनी दहा वेगवेगळ्या कंपन्यांची एकेक किलोची पाकिटं आणली तर ती एकदम वापरताही येत नाहीत. खाणं अचानक बदललं की जुलाब लागतात, बदल आठवडाभरात हळूहळू करायचा असतो. तेव्हा कोणतं खाणं चालू आहे ते विचारा, तेच घ्या, किंवा त्या दुकानदाराकडे संस्थेच्या नावे पैसे भरा. स्वयंपाक करणाऱ्या निवाऱ्यांना तांदळाची कणी लागते आणि ती स्वस्त पडते. लग्नात उरलेली बिर्याणी नको: कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी नासवतो आणि शिजलेलं हाड टोकदार तुटतं. बिस्किटांचे पुडेही थोडेच आणा, ती मुळात साखर आणि मैदा.

पैसे देतानाचे घोळ

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नाव वाचा. खातं संस्थेच्या नावावर हवं, स्वयंसेवकाच्या नव्हे. महाराष्ट्रातल्या न्यासाकडे धर्मादाय आयुक्तांचा नोंदणी क्रमांक असतो आणि हिशेब दरवर्षी तपासून द्यावे लागतात. मागितले तर रागावणाऱ्या संस्थेपासून लांब राहिलेलं बरं. देणगीवर आयकरात मिळणारी ८०जीची सवलत हवी तर २,००० रुपयांवर रोख देऊ नका, पॅन द्या आणि आयकर पोर्टलवरून निघालेलं प्रमाणपत्र मागून घ्या. साध्या पावतीवर काम होत नाही. नव्या कररचनेत ही सवलत नाही आणि वस्तूरूपातल्या देणगीलाही नाही. परदेशातल्या मराठी लोकांनी एवढं पाहावं: पासपोर्ट भारतीय असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. परदेशी पासपोर्ट असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, संस्थेकडे एफसीआरए नोंदणी (विदेशी देणगी घेण्याची परवानगी) असल्याशिवाय पाठवू नका. अडचणीत संस्था येते.

आणखी एक. व्हिडिओत दिसणाऱ्या जखमी कुत्र्यासाठी दोन दिवसांत पैसे जमतात. सफाई कामगाराचा पगार, वीज, पाण्याचा टँकर यांसाठी कुणी देत नाही. एकदाच ५,००० देण्यापेक्षा महिन्याला ४०० रुपयांचा ऑटोपे लावलात तर संस्थेला पुढच्या महिन्याचं काही ठरवता येतं.

लस न घेता काम करायला जाणं

नियमित जाणार असाल तर रेबीजची लस आधीच घ्या: ०, ७ आणि २१ किंवा २८व्या दिवशी. चावा किंवा ओरखडा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. आधी पूर्ण लस झालेली असेल तर ० आणि ३ऱ्या दिवशी असे दोनच डोस पुरतात. ‘पिल्लूच तर होतं’ म्हणून टाळू नका, पिल्लालाही रेबीज होतो.

दत्तक घेऊन पहिल्याच आठवड्यात हार मानणं

परत येणाऱ्या प्राण्यांच्या तक्रारी ठरलेल्या: खात नाही, पलंगाखालून निघत नाही, घरात लघवी करतो. पहिले तीन दिवस हे चालायचंच. पाहुणे बोलावू नका, आंघोळ घालू नका, निवाऱ्यातलं खाणंच चालू ठेवा. दर दोन-तीन तासांनी आणि खाल्ल्यावर लगेच बाहेर न्या. रुळायला तीन आठवडे आणि घर आपलं वाटायला तीन महिने धरून चाला. नवीन कुत्रं हरवतं ते बहुधा पहिल्या काही दिवसांत, उघड्या दारातून किंवा सैल पट्ट्यातून डोकं काढून. म्हणून गळपट्ट्याबरोबर हार्नेसही (छातीभोवती बांधायचा पट्टा) वापरा आणि पट्ट्यावर फोन नंबर लिहा. घरभेटीला येणाऱ्या स्वयंसेवकाशी ‘आमच्यावर विश्वास नाही का’ म्हणून वाद घालू नका. तो बाल्कनीची जाळी बघायला आलेला असतो. चौथ्या मजल्यावरून पडलेली मांजरं त्यांनी पाहिलेली असतात.

तरीही जमलं नाही, तर परस्पर ओळखीत कुणाला देऊ नका, त्याच संस्थेकडे परत न्या; करारात बहुधा तसं लिहिलेलंच असतं. सोबत लसीचं कार्ड द्या आणि काय बिघडलं ते लाजून लपवू नका. ‘एकटा राहिला की दार ओरबाडतो’ एवढं कळलं तरी पुढच्या वेळी दिवसभर कुणीतरी घरी असणारं कुटुंब शोधता येतं.