व्हायरल तापानंतर सतत नाडी-ऑक्सिजन तपासण्याची सवय: माझा अनुभव

ताप गेला, रिपोर्ट नॉर्मल आले, तरी धडधड थांबेना. ऑक्सिमीटरवर ९८ चे ९७ झाले की पोटात गोळा यायचा. रात्री जाग आली की पहिला हात मनगटावर. जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

नेटवर लक्षणं शोधली, घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारलं. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, मग शंका परत हजर.

उपयोग झाला तो या क्रमाने. आधी डॉक्टरांकडून एकदा नीट तपासून घेतलं आणि लगेच कधी यायचं ते कागदावर लिहून घेतलं: छातीत दुखणं, बसल्याजागी धाप लागणं, शुद्ध हरपणं. हे आधीच ठरलेलं असलं की दर वेळी नव्याने निर्णय घ्यावा लागत नाही. मग ऑक्सिमीटर घरातल्या माणसाच्या ताब्यात दिलं. तपासणी फक्त संध्याकाळी, एकदाच. अधेमध्ये तपासावंसं वाटलं की घड्याळ लावून १० मिनिटं थांबायचं. तोवर ४ सेकंद श्वास आत, ६ सेकंद बाहेर. १० मिनिटं संपली की पुन्हा १०.

सुरुवातीला भीती आणखी चढते, तिथेच टिकून राहायचं. भीतीने अॅड्रेनालिन (घाबरल्यावर शरीरात सुटणारं संप्रेरक) वाढतं, त्याने नाडी वाढते आणि ती मोजली की भीती आणखी वाढते. मोजणं थांबलं की हे चक्र तुटतं. प्रौढांची शांत बसलेली नाडी साधारण मिनिटाला ६० ते १०० ठोके असते, उठल्यावर ती थोडी वाढतेच.

संध्याकाळची तपासणी शेवटी बंद केली. कागद अजून कपाटाच्या दाराला चिकटवलेला आहे. एवढं करूनही झोप-कामावर परिणाम होत असेल, तर समुपदेशकाकडे जाच.