डाउनलोडला बसण्याआधी

खानापूरच्या आमच्या वाचनालयासाठी जुन्या मराठी अंकांच्या स्कॅन प्रती कर्ल (curl) किंवा डब्ल्यूगेट (wget) या, आज्ञा टाइप करून चालवायच्या डाउनलोड प्रोग्रामांनी उतरवायला जे बसतात, त्यांनी एवढं आधी करून घ्यावं.

लिंक ब्राउझरमध्ये उघडून पाहा आणि तिथूनच कॉपी करा, हाताने टाइप करू नका. आपल्याकडे कुणी बेळगाव लिहितं, कुणी जुन्या सवयीने बेळगांव. फरक एका टिंबाचा, पण सर्व्हरच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइली. बेळगाव या शब्दात काना-मात्रा धरून सहा चिन्हं, प्रत्येकाचे तीन बाइट (संगणकातल्या साठवणीचं माप) आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासकट तीन अक्षरांत येतो, म्हणजे एकूण ५४ अक्षरं. कन्नड नावांचं गणितही हेच. पेस्ट केल्यावर लांबलचक शेपूट दिसली तर ती खोडू नका.

सगळ्यात महत्त्वाचं अवतरणचिन्ह. लिनक्सवर पूर्ण लिंक एकेरी अवतरणात ठेवा. मी ते विसरलो होतो. लिंकच्या मधोमध & होतं, शेलने (म्हणजे टाइप केलेली आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामने) तिथेच आज्ञा तोडली, डावीकडचा तुकडा बॅकग्राउंडला पाठवला आणि चौकटी कंसात १ दाखवून पुढे एक मोठा आकडा छापला. मला वाटलं, काम सुरू झालं. तासाभराने पाहतो तर दोन केबीचं चुकीचं पान! दुहेरी अवतरणात & सांभाळलं जातं, पण $ तिथेही घात करतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर मात्र दुहेरीच लागतं, आणि बॅच फाइलमध्ये (आज्ञा लिहून ठेवलेल्या फाइलमध्ये) प्रत्येक % दोनदा लिहावा लागतो. दस्तऐवजातून आज्ञा उचलली असेल तर वळणदार अवतरणं काढून सरळ टाका, शेल ती ओळखत नाही.

लिंकमध्ये चौकटी किंवा महिरपी कंस असतील तर कर्लला उणे लहान जी (-g) द्या, नाहीतर तो त्यांना आकड्यांची मालिका किंवा पर्यायांची यादी समजतो.

फाइलचं नाव स्वतः ठरवा, साधं आणि छोटं: कर्लला उणे लहान ओ (-o), डब्ल्यूगेटला उणे मोठा ओ (-O). नाव सर्व्हरवर सोडलं तर डब्ल्यूगेट काही बाइट टक्क्यांत बदलतो. ‘ग’ त्यातच सापडतो, आणि बेळगाव अर्धवट वाचावं लागतं.

पावसाळ्यात लाईट जाते, म्हणून कर्लला उणे मोठा सी आणि त्यापुढे सुटं उणे (-C -) द्या, अर्धी फाइल तिथूनच पुढे उतरेल. शेवटी आकार बघा आणि पीडीएफ उघडून पहिलं नि शेवटचं पान वाचा, मगच लिंक वहीतून खोडा.