केमोथेरपीची तीव्रता कशी ठरते आणि रुग्णाने ती कशी समजून घ्यावी

केमोथेरपीच्या कागदावर औषधांची नावे, मिलिग्रॅमचे आकडे आणि पुढच्या तारखा असतात, पण हेच आकडे का निवडले, हे त्यावर नसते. रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकांनी ते डॉक्टरांकडून विचारून घ्यावे, कारण तीव्रता म्हणजे केवळ औषध किती कडक आहे एवढेच नव्हे. कोणती औषधे एकत्र द्यायची, प्रत्येकाचा डोस किती, दोन सायकलमध्ये (सायकल म्हणजे औषध देण्याची एक फेरी) किती दिवसांचे अंतर आणि एकूण सायकल किती, या चारही गोष्टी मिळून ती ठरते.

पहिला प्रश्न उपचाराच्या हेतूचा विचारावा. वृषणाचा कर्करोग, हॉजकिन लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा एक कर्करोग) किंवा शस्त्रक्रियेनंतर उपचार घेतला जाणारा स्तनाचा कर्करोग, अशा ठिकाणी आजार पूर्ण बरा करणे हे ध्येय असेल, तर डॉक्टर पूर्ण डोस वेळेवर देण्याचा आग्रह धरतात. इटलीतील बोनाडोना आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा वीस वर्षांचा पाठपुरावा १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ठरलेल्या डोसपैकी किमान ८५ टक्के मिळालेल्या स्त्रियांना अधिक लाभ झाल्याचे दिसले. आजार पसरलेला असेल आणि तो आटोक्यात ठेवून त्रास कमी करणे हे ध्येय असेल, तर मात्र सौम्य उपचार किंवा मधली विश्रांती हाच पुष्कळदा शहाणपणाचा निर्णय असतो.

तरीही जितके जास्त तितके चांगले, हा समज धरू नये. १९९० च्या दशकात स्तनाच्या कर्करोगात अतिशय मोठे डोस देऊन नंतर रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींचे (स्टेम सेल) प्रत्यारोपण करण्याचे प्रयोग झाले, पण त्यांतून आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले नाही. उलट, डोस तोच ठेवून तीन आठवड्यांचे अंतर दोन आठवड्यांवर आणल्यास आणि पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शने जोडीला दिल्यास फायदा होतो, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसले. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत शिकवणारा धडा आहे, कारण त्यातून वेळापत्रकाचे महत्त्व कळते.

प्रत्यक्ष डोस बहुतेक औषधांसाठी शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून काढतात. उंची सेंटिमीटरमध्ये आणि वजन किलोमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार ३६०० ने भागायचा आणि येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ काढायचे. १६० सेंटिमीटर उंची आणि ६५ किलो वजन असेल तर उत्तर सुमारे १.७ चौरस मीटर येते. डॉक्सोरुबिसिनचा डोस दर चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम ठरला असेल, तर त्या रुग्णाला साधारण १०२ मिलिग्रॅम मिळेल. याच औषधाच्या आयुष्यभराच्या एकूण मात्रेलाही मर्यादा असते, कारण ते हृदयाला इजा करू शकते. म्हणून पूर्वी केमो झाली असेल तर जुनी कागदपत्रे जरूर दाखवावीत. कार्बोप्लॅटिनचा हिशेब वेगळा असून तो मूत्रपिंडांच्या कार्यावर बेतलेला असतो: रक्तात औषध किती राहावे याचे लक्ष्य (एयूसी) ५ असेल आणि मूत्रपिंडांचा रक्त गाळण्याचा वेग मिनिटाला ७५ मिलिलिटर असेल, तर ७५ मध्ये २५ मिळवून ५ ने गुणल्यास ५०० मिलिग्रॅम येतात, तोच वेग ३५ असेल, तर ३०० मिलिग्रॅमच पुरतात.

त्यानंतर शरीराची क्षमता पाहतात. दिवसभराची कामे जमतात का, जागेपणीचा निम्म्याहून अधिक वेळ अंथरुणात जातो का, यावरून ० ते ५ अशी श्रेणी देतात; आकडा जितका मोठा, तितकी क्षमता कमी. डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून इथे काहीही लपवू नये. वय हा एकटा निकष नाही. सत्तरीतला काटक माणूस पूर्ण डोस सहन करू शकतो आणि पन्नाशीतला अशक्त रुग्ण करू शकत नाही. रक्तातले बिलिरुबिन (यकृताचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा घटक) वाढले असेल तर यकृतातून बाहेर पडणारी औषधे कमी करावी लागतात. फ्लुरोयुरासिल किंवा कॅपेसिटाबिन द्यायचे असेल, तर ते पचवणारे एन्झाइम काहींच्या शरीरात जन्मतः कमी असते आणि नेहमीचा डोस त्यांच्या जिवावर बेतू शकतो. त्याची जनुकीय तपासणी झाली आहे का, हे आधीच विचारावे.

एकदा ठरलेला डोस कायमचा नसतो, कारण प्रत्येक सायकलआधी रक्त तपासले जाते. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दर मायक्रोलिटरला साधारण १५०० आणि प्लेटलेट १ लाखाच्या आसपास नसतील, तर बऱ्याच उपचारपद्धतींत सायकल पुढे ढकलतात, डोस घटवतात किंवा पेशी वाढवणारी इंजेक्शने देतात. आजाराने दिलेला प्रतिसादही पाहतात: हॉजकिन लिम्फोमात दोन सायकलनंतरचा पेट (PET) स्कॅन, म्हणजे सक्रिय कर्करोग दाखवणारी तपासणी, स्वच्छ आला, तर फुफ्फुसांना अपाय करणारे ब्लिओमायसिन पुढे वगळता येते.

दोन सायकलमधल्या काळात रोजच्या नोंदी ठेवाव्यात. बोटे बधिर होऊन शर्टाची बटणे लावणे कठीण झाले, तर ते पुढच्या भेटीत न विसरता सांगावे, कारण पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्सॅलिप्लॅटिनचा डोस त्यावरून बदलतो. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे. डोस कमी केला, तर कारण रक्तपेशींच्या संख्येचे (काउंट) आहे, मूत्रपिंडांचे की मज्जातंतूंचे, आणि तो पुढच्या वेळी पूर्ववत करता येईल का, हे त्याच भेटीत विचारून लिहून ठेवावे.