‘वऱ्हाड’ शोधलं, सापडलं नाही

माझं दुकान दारव्हा तालुक्यातल्या एका गावात, बसथांब्यासमोर. झेरॉक्स, लग्नपत्रिका, सातबाऱ्याच्या प्रिंटा, आणि हल्ली त्याहून जास्त जुन्या मराठी फाइली दुरुस्त करणं. भाचा शेजारच्या गावात एका शेतकरी गटाची सभासद यादी सांभाळतो. परवा भर दुपारी, कूलर बंद आणि लाइन गेलेली, तेव्हा त्याचा फोन आला.

“मामा, यादी उघडली तं सारा कचराच दिसून रायला.”

“सेव्ह केली का?”

“नाही अजून.”

“मंग करू नोको. पयले खिडकी बंद कर.”

पहिली पायरी हीच. कचरा नुसता दिसत असेल तोवर फाइल शाबूत असते. त्यावर सेव्ह दाबलं की तोच कचरा फाइलीत जाऊन बसतो.

पुढच्या आज्ञा टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतल्या. त्या मी देवनागरीत लिहितो, कारण फोनवरही मी त्या अशाच सांगतो. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं दाबायची. फाइलींची नावं मात्र खुशाल मराठीत ठेवा, लिनक्सला चालतात. माझ्याकडे जुन्या डबड्यावर उबंटू आहे, तेही लिनक्सच, त्यात हे बहुतेक सगळं आधीपासून असतं.

आधी फाइलीलाच विचारायचं, बाई तू कोण:

फाइल -आय यादी.टेक्स्ट

उत्तर अंदाजानं येतं, पण अंदाज चांगला असतो. ‘यूएस-आस्की’ (नुसती इंग्रजी अक्षरं) म्हणाली आणि आत मराठी असायला हवं होतं, तर फाइल कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टातली आहे असं समजा. उघडून बघा. ‘कापूस’च्या जागी डी, के, आय, डब्ल्यू, एल अशी इंग्रजी अक्षरं दिसतील. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच आहे, मराठीचा सगळा खेळ फॉन्टाचा. तिथे एन्कोडिंग (अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत) बदलणारं कुठलंच अवजार चालत नाही, कृतिदेवचा वेगळा कन्व्हर्टर लागतो. तोही चांगला हवा, कारण कृतिदेवात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडात अक्षरानंतर साठवली जाते.

भाच्याच्या फाइलीनं ‘यूटीएफ-१६एलई’ सांगितलं. ही युनिकोड साठवायची एक पद्धत, आपल्याला हवी असते ती दुसरी, यूटीएफ-८. जुन्या नोटपॅडमध्ये ‘युनिकोड’ निवडून सेव्ह केलं, किंवा एक्सेलमधून ‘युनिकोड टेक्स्ट’ काढलं, की हेच मिळतं. औषध सोपं:

आयकॉन्व्ह -एफ यूटीएफ-१६ -टी यूटीएफ-८ यादी.टेक्स्ट > यादी-नवी.टेक्स्ट

आयकॉन्व्ह हा एन्कोडिंग बदलणारा प्रोग्राम. एफ म्हणजे कशातून, टी म्हणजे कशात. इथे दोन ठिकाणी माझे हात पोळलेत. एक, बाणाच्या दोन्ही बाजूंना एकच नाव कधी देऊ नका. आयकॉन्व्ह सुरू व्हायच्या आधीच टर्मिनल ती फाइल कोरी करून टाकतं. दोन, फाइल ‘एलई’ म्हणाली तरी मी ते शेपूट लिहीत नाही. नुसतं यूटीएफ-१६ लिहिलं की सुरुवातीची अदृश्य खूण आयकॉन्व्ह वाचतो आणि गाळतो. एलई लिहिलं तर ती खूण पहिल्या ओळीला चिकटून येते. मग त्या ओळीतलं नाव डोळ्यांना दिसतं, पण ओळीच्या सुरुवातीपासून शोधलं की लागत नाही.

रूपांतर झालं की ओळी मोजा, पण फक्त नव्या फाइलीच्या:

डब्ल्यूसी -एल यादी-नवी.टेक्स्ट

जुनीवर ही आज्ञा चालवून मी एकदा तासभर चक्रावलो होतो. पुसदकडची पिकांची यादी होती आणि ओळी सभासदांपेक्षा जास्त निघत होत्या. दोष उसाचा! यूटीएफ-१६मध्ये ‘ऊ’च्या दोन बाइटांपैकी एक शून्य-ए असतो (बाइटांचे आकडे असे अंक-अक्षरांत लिहितात), आणि नव्या ओळीची खूणही तोच बाइट. जितके ‘ऊस’, तितक्या ओळी वाढल्या.

आता कचऱ्याची दुसरी जात. डोक्यावर तिरपी रेघ असलेला ए, त्यामागे चार पाय फुटलेलं गोल चिन्ह, पुन्हा तेच, पुन्हा तेच. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. ‘क’ म्हणजे ई०, ए४, ९५. एखाद्या प्रोग्रामनं हे विंडोज-१२५२ (विंडोजचं जुनं, इंग्रजी-युरोपीय अक्षरांचं एन्कोडिंग) समजून वाचलं की एका ‘क’ची तीन चिन्हं होतात. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) एक्सेलमध्ये उघडल्यावर असं दिसत असेल तर फाइल बिघडलेली नाही, एक्सेलला सुरुवातीला तशीच अदृश्य ओळखखूण हवी आहे इतकंच:

यूकॉन्व्ह -एफ यूटीएफ-८ -टी यूटीएफ-८ --अॅड-सिग्नेचर यादी.सीएसव्ही > एक्सेल-यादी.सीएसव्ही

यूकॉन्व्ह हा आयकॉन्व्हचा थोरला भाऊ, आयसीयू-डेव्हटूल्स नावाच्या पॅकेजात येतो. भारतीय लिप्यांसाठीच्या १९९१च्या इस्की मानकातल्या फाइलीही तो वाचतो.

पण कुणी तो कचरा सेव्ह करून पाठवला असेल तर कठीण. उलट्या दिशेनं, यूटीएफ-८मधून विंडोज-१२५२मध्ये, आयकॉन्व्ह चालवून काही मजकूर परत मिळतो. मात्र विंडोज-१२५२मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१, हलन्ताचा ८डी. म्हणजे उकार आला की गाडी अडते आणि जोडाक्षर आलं की पुन्हा अडते. तेव्हा -सी लावायचा मोह होतो. -सी म्हणजे जे बसत नाही ते गुपचूप टाकून दे. मी एका बचत गटाच्या यादीवर ते केलं, घाईत छापून दिलं, आणि बैठकीत एका काकूनं कागद नाकाशी धरून विचारलं, “बावा, माह्या नावाचा उकार कोठी गेला?” तेव्हापासून -सी बंद. मूळ फाइल मागवून घेतो.

भाच्याची यादी सुधारली. संध्याकाळी परत फोन, ‘वऱ्हाड’ शोधलं तर एकही ओळ येत नाही, आणि डोळ्यांसमोर तर दिसते आहे.

हे मराठीचं खास दुखणं. हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला जुळे, बाइटांत परके. पऱ्हाटी, शेतकऱ्यांचा, सातबाऱ्यावर, सगळीकडे हेच. यूकॉन्व्हच्या प्रमाणीकरणानंही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) हे दोन एक होत नाहीत, स्वतःच बदलावे लागतात:

सेड 'एस/र्‍/ऱ्/जी' यादी-नवी.टेक्स्ट > यादी-शुद्ध.टेक्स्ट

सेड म्हणजे शोधून बदलणारी आज्ञा. पहिल्या तिरप्या रेघेनंतरचा र यादीतूनच कॉपी करा, अदृश्य चिन्हासकट. हातानं टाइप केलात तर ते चिन्ह सुटेल, मग रफार असलेला प्रत्येक शब्द बिघडेल आणि ‘सूर्य’चा भलताच अवतार होईल. मग यादी-शुद्ध.टेक्स्टवर ग्रेप -सी वऱ्हाड चालवून आकडा बघा. हा -सी वेगळा, शब्द असलेल्या ओळी मोजणारा.

भाच्याचा आकडा एकोणीस आला. वहीतून त्यानं अठरा मोजले होते. एकोणिसावा कोण, ते तो अजून शोधून रायला.