गदा हातात आहे, पण अंगात नाही: फँटसी पात्रांसाठी पोजचा रेफरन्स शोधताना या चुका टाळा

बडोद्यात दांडिया बाजारातल्या माझ्या घरी दर रविवारी सकाळी चित्रकलेचा वर्ग भरतो. आठवीतल्या पोरांपासून कॉलेजात जाणाऱ्यांपर्यंत सगळे येतात. काय काढायचंय असं विचारलं की उत्तरं ठरलेली: योद्धा, राक्षस, पंख असलेली राणी, ड्रॅगनवर स्वार झालेला कुणीतरी. मला याचा आनंदच आहे, कारण गेली वीस वर्षं मीही हेच काढत आलेय. पण रेफरन्स, म्हणजे ज्याच्याकडे बघून काढायचं तो फोटो किंवा नमुना, शोधताना होणाऱ्या चुका प्रत्येक बॅचला त्याच असतात. सांगून सांगून घसा बसला, म्हणून आता लिहून ठेवते.

कागदाच्या आधी फोन उघडणं

पिंटरेस्ट उघडायचं, दोन तास बोट फिरवायचं, शंभरेक फोटो साठवायचे, त्यातला सगळ्यात देखणा निवडायचा आणि त्या मॉडेलला शिंगं लावायची. असं केलं की चित्र तुमच्या राक्षसाचं होत नाही, त्या फोटोचंच राहतं. राक्षस चिडलेला आहे की थकलेला, नुकताच उठलाय की चाल करून येतोय, हे तुम्ही ठरवलेलंच नसतं.

माझी सवय सांगते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवते आणि काड्यापेटीएवढ्या चौकटींत दहा-बारा काडीमाणसं काढते. पाठीच्या कण्याची एक रेघ, खांद्यांचा उतार, कंबरेचा उतार, पावलं कुठे टेकलीत ते. बस. त्यातलं एखादं काडीमाणूस बोलू लागतं. मग प्रश्न पडतात: खालून पाहिलं तर वाकलेला गुडघा कसा दिसेल? मान वळवल्यावर गळ्यावरचा स्नायू कुठून कुठे जातो? रेफरन्स या प्रश्नांसाठी शोधायचा. ज्यांना इतकाही धीर नाही त्यांना वाटतं की काडीमाणसं म्हणजे बालवाडी. वर्षभराने त्यांच्या वह्या बघितल्या तर सगळी पात्रं एकाच मापाची, कंबरेवर हात ठेवून उभी.

वजन नसलेलं शस्त्र

या चुकीवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण ती मी स्वतः केली आहे आणि ती दहा दिवस भर रस्त्यात टांगलेली होती.

काही वर्षांपूर्वी एका गणेश मंडळासाठी सिंदुरासुराच्या वधाचा मागचा पडदा करायचा होता. पंधरा फूट रुंद. हातात दिवस थोडे. मी एका शरीरसौष्ठवपटूच्या फोटोतून धड घेतलं, एका फॅशनच्या फोटोतून पाय घेतले आणि गदा उगारलेल्या हातासाठी आरशासमोर झाडू धरून स्वतःचाच फोटो काढला. रंगात सगळं बेमालूम मिसळलं. असुराचे डोळे तर फार छान उतरले होते. मंडळी खूश होती आणि मीही.

पहिल्याच संध्याकाळी आरती झाल्यावर आखाड्यातले एक वयस्कर काका पडद्यासमोर बराच वेळ उभे राहिले. सगळे त्यांना मानतात. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "ताई, गदा याच्या हातात आहे, पण अंगात नाही."

मी पुन्हा वर पाहिलं आणि मला तेच दिसू लागलं. धडाचा फोटो खालून काढलेला, पायांचा डोळ्याच्या उंचीवरून, म्हणून कंबरेत माणूस दुमडल्यासारखा झाला होता. एवढी मोठी गदा उगारूनही दोन्ही खांदे एका पातळीत होते. पावलं जमिनीला नुसती चिकटवलेली. दर्शनाला आलेल्या कुणी काही म्हटलं नाही, पण मला मात्र दहा दिवस तेवढंच दिसत राहिलं.

विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी मी आखाड्यात गेले. बडोद्यात ही ठिकाणं शोधावी लागत नाहीत. जुम्मादादा व्यायाममंदिर आणि तिथले व्यायामगुरू प्रोफेसर माणिकराव ही नावं इथल्या जुन्या मराठी घरांत ऐकू येतातच. काकांनी एका पोराला लाकडी मुद्गल, म्हणजे व्यायामाची जड गदा, उचलायला सांगितलं आणि मला म्हणाले, हाताकडे बघू नका, पायाकडे बघा. मुद्गल उजव्या हाताने खांद्यावर गेलं तशी त्याची डावी टाच तांबड्या मातीत रुतली. कंबर डावीकडे सरकली, उजवी बरगडी आवळली, डावा हात आपोआप अंगापासून दूर गेला, हनुवटी खाली आली. मनगट मात्र सरळ, कारण ते वाकलं तर वजन पेलत नाही. झाडू धरल्यावर यातलं काहीही होत नाही. शरीराला कुणी फसवू शकत नाही. वजन असेल तरच ते वजन दाखवतं.

तेव्हापासून माझा नियम आहे की पात्राच्या हातात जड वस्तू असेल तर पोज देणाऱ्याच्या हातातही जड वस्तूच हवी. पाच लिटरचा पाण्याचा कॅन चालतो. दळणाचा डबा उत्तम. आधी कुणाला तरी जवळ उभं करा आणि पाठ सांभाळा. फोटो काढू नका, व्हिडिओ घ्या आणि मग त्यातली एक फ्रेम निवडा. फोटोसाठी थांबलेला माणूस श्वास रोखतो आणि पोज लगेच खोटी होते.

तपासायची युक्ती सोपी आहे. गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडल्यासारखी सरळ रेघ खाली काढा. पात्र एका पायावर भार देऊन उभं असेल तर ती रेघ त्या पावलाजवळ पडते, दोन्ही पायांवर असेल तर दोन पावलांच्या मध्ये. बाहेर पडत असेल तर तुमचा योद्धा धावतोय किंवा पडतोय.

भार एका पायावर कसा घ्यायचा हे पाहायचं असेल तर सयाजीबागेतल्या संग्रहालयात जा. आपल्याच बडोद्यातल्या अकोट्यात १९५१ मध्ये सापडलेल्या ६८ जैन ब्राँझ मूर्ती आहेत ना, त्यातली चामरधारिणी, म्हणजे चवरी ढाळणारी सेविका, पाहा. त्रिभंगात मान, धड आणि कंबर तीन दिशांना कलतात, तरी ती बाई किती निवांत उभी आहे! तिच्यासमोर अर्धा तास बसून काढलेली तीन रेखाटनं साठवलेल्या शंभर फोटोंपेक्षा जास्त शिकवतात.

दांडपट्टा काढणाऱ्यांसाठी एक वाक्य: पट्ट्याच्या मुठीत हात कोपराजवळपर्यंत जातो, त्यामुळे मनगट वळत नाही आणि वार खांद्या-कोपरातून होतो. नेहमीच्या तलवारीचा रेफरन्स तिथे चालत नाही.

फोन तोंडाशी धरून काढलेला फोटो

फोनचा मुख्य कॅमेरा रुंद कोनाचा असतो. हाताच्या अंतरावरून फोटो काढला की पुढे आलेला हात सुपाएवढा आणि पाय बाहुलीचे दिसतात. मुलं ते जसंच्या तसं उतरवतात आणि प्रमाण का चुकलं म्हणून विचारतात. फोन तीन-चार मीटर लांब ठेवा, दुप्पट झूम करा, टायमर लावा. पात्र महाकाय दाखवायचं असेल तर फोन खाली, गुडघ्याच्या उंचीला. आणि एकाच चित्रातले सगळे रेफरन्स एकाच उंचीवरून घ्या. माझा असुर कंबरेतून दुमडला तो याच कारणाने.

उजेड एकाच बाजूचा हवा. सकाळी साडेसात-आठची गच्ची मला सगळ्यात सोयीची वाटते. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत स्नायू सपाट होतात.

दुसऱ्याच्या चित्रावरून चित्र

त्याच्या चुका तुमच्या होतात. एवढंच.

एआयने बनवलेली पोज

मी वर्गात बंदी घातली आहे. चित्र चकचकीत असतं, पण भार कोणत्या पायावर आहे हे विचारलं तर उत्तर मिळत नाही. शिकणाऱ्याला ते कळत नाही, म्हणून नुकसान जास्त. संगणकावर हवी तशी वळवता येणाऱ्या थ्रीडी बाहुलीचं मात्र मला वावडं नाही. कॅमेऱ्याचा कोन ठरवायला ती कामाची आहे; मांसाचं दबणं तिच्याकडून शिकता येत नाही.

पाठीला चिकटवलेले पंख

पंख म्हणजे हात. वटवाघळाच्या पंखातला पडदा लांबलचक बोटांवर ताणलेला असतो. त्याच संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. त्याच्या वल्ह्यासारख्या अवयवात दंडाचं हाड, पुढच्या हाताची हाडं आणि बोटं ओळखू येतात. ती एकदा काढली की ड्रॅगनचा पंख कुठे दुमडतो हे पाठ करावं लागत नाही. धावत्या प्राण्यांसाठी एडवर्ड मायब्रिज यांची १८८७ मधली छायाचित्रमालिका बघा. एकूण ७८१ प्लेट्स आहेत, घोड्याच्या चालीचे एकेक टप्पे सुटे दिसतात, आणि आता त्या सगळ्यांना मोकळ्या आहेत. इतर कुणाचा फोटो विकायच्या कामात वापरणार असाल तर आधी परवानगी घ्या.

हवेत गोठलेलं वस्त्र

उडता झगा काढायला मुलं नेटवर फॅशनचे फोटो शोधतात. नऊ रात्री गरबा पाहणाऱ्या गावात ही वेळ का यावी? ओळखीच्या मैत्रिणीला विचारा, तिची फेरी स्लो मोशनमध्ये टिपा. अंग थांबतं तेव्हा चनियाचा, म्हणजे गरब्याच्या घागऱ्याचा, घेर अजून फिरत असतो, मग तो पायांभोवती गुंडाळतो आणि उलटा सुटतो. चेटकिणीचा झगा काढायचा असेल तर गुंडाळण्याच्या जरा आधीची फ्रेम घ्या. तिथे आतल्या मांडीची रेघ कापडावर उमटलेली असते.