इंग्रजी वाक्प्रचारांच्या या चुका टाळा: ओळखीचे दिसतात तेच फसवतात

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका परदेशी सहकाऱ्याला मी वैतागून लिहिलं होतं, की आमच्याकडे कुणी जरा वर जायला लागलं की बाकीचे त्याचा ‘लेग पुल’ करतात. त्याचं उत्तर आलं, ‘वा, मजेशीर मंडळी दिसतात!’ मराठीत पाय ओढणं म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणं, इंग्रजीत मात्र नुसती फिरकी घेणं. माझी तक्रार त्याच्यापर्यंत पोचलीच नाही.

वाक्प्रचार अगदीच अनोळखी असला तर माणूस शब्दकोश तरी उघडतो. घोटाळा होतो तो ओळखीचा वाटला की. ‘हँड इन ग्लव्ह’ घ्या. हातात हात घालून, असं समजून ते टीमच्या कौतुकात वापरलं जातं. पण बहुतेकदा त्याला संगनमताचा वास असतो. तस्कर आणि त्यांना सामील असलेले अधिकारी यांच्याबद्दल ते शोभतं. अहवालात ‘आम्ही अकाउंट्स विभागाशी हँड इन ग्लव्ह काम करतो’ असं लिहिलंत, तर ऑडिटर ते वाक्य दोनदा वाचेल.

‘डार्क हॉर्स’चंही तेच. काळा घोडा म्हणजे काहीतरी काळंबेरं, असा समज होतो आणि मग त्याची ‘ब्लॅक शीप’शी गल्लत होते. ब्लॅक शीप म्हणजे घराण्याला बट्टा लावणारा. डार्क हॉर्स हा शर्यतीच्या मैदानावरून आलेला शब्द, १८३१ साली डिझरायलीच्या कादंबरीत सापडतो. ज्याच्याबद्दल कुणाला फारसं ठाऊक नाही आणि जो अचानक बाजी मारून जातो, तो डार्क हॉर्स. म्हणजे झाली तर स्तुतीच.

गंमत अशी, की पांढरा हत्ती आणि मगरीचे अश्रू दोन्हीकडे तंतोतंत जुळतात. त्यामुळे आपली भीड चेपते आणि आपण ‘डोन्ट ईट माय हेड’ म्हणून मोकळे होतो. मराठी न जाणणाऱ्याला त्यात कुणीतरी खरंच डोकं चावतंय असं दिसेल.

अर्थ बरोबर आणि प्रसंग चुकीचा, ही चूक सगळ्यांत महागात पडते. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे, हे बरोबर. पण त्याचा सूर आपल्या ‘गचकला’सारखा आहे. शोकसंदेशात ‘पास्ड अवे’च लिहावं. चांगल्या शब्दकोशात अशा नोंदीपुढे अनौपचारिक, विनोदी, जुनाट असा शेरा असतो. अर्थ मिळाला की आपण तिथेच थांबतो आणि नेमका तो वाचायचा राहतो.

शब्दांची अदलाबदलही चालत नाही. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’मध्ये कुत्री आधी आणली की कानाला खटकतं. हा वाक्प्रचार जोनाथन स्विफ्टच्या १७३८ सालच्या लेखनात आहे आणि आता बोलताना तो बराच पुस्तकी वाटतो. ‘इट्स पोअरिंग’ म्हटलं तरी पाऊस तेवढाच पडतो. गवताच्या छपरावरून प्राणी घसरून पडायचे म्हणून हा वाक्प्रचार आला, ही फॉरवर्ड होत फिरणारी गोष्ट मात्र दंतकथा आहे.

इंग्रज आणि अमेरिकन लोकही एकमेकांत फसतात, हे ऐकून जरा बरं वाटतं. बैठकीत एखादा विषय ‘टेबल’ करणं म्हणजे ब्रिटिशांच्या लेखी तो चर्चेला घेणं आणि अमेरिकनांच्या लेखी बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात यावरून दोन्ही बाजूंची चांगलीच वादावादी झाली, आणि दोघांना हवं होतं एकच, असं चर्चिल यांनी नमूद केलं आहे. दोन्ही देशांतले लोक असतील त्या मेलमध्ये मी हा शब्द वापरतच नाही. ‘आज चर्चा करू’ किंवा ‘पुढच्या बैठकीत घेऊ’ एवढंच सरळ इंग्रजीत लिहितो.